उजव्या हाताची सही

"सही आहे, तारीख आहे. विषय संपला," असं म्हणत फाटक मॅडमनी फाइल माझ्याकडे सरकवली. "ठराव लिहून घ्या."

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि आमच्या पुण्यातल्या संघटनेच्या एथिक्स कमिटीचा सचिव. सभासदानं पेशंटशी वागताना नियम मोडला, अशी तक्रार आली की ही कमिटी ती ऐकते. फाटक मॅडम अध्यक्ष. सचिवाला मत नसतं. त्यानं कागद जमवायचे आणि ठरलेलं लिहायचं.

तक्रार साळवे बाईंची होती. धायरीला राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. पक्षाघातानं त्यांची उजवी बाजू गेली होती. इनामदार सरांच्या क्लिनिकमध्ये त्या पुन्हा चालायला शिकल्या. त्या उपचारांचा व्हिडिओ सरांनी आमच्या वार्षिक कॉन्फरन्समध्ये दाखवला, चेहरा न झाकता. दोन बाजूंचे बार धरून पाय ओढणाऱ्या, तोंड वाकडं झालेल्या, रडणाऱ्या बाई. सभागृहात कोणीतरी तो मोबाइलवर उतरवला. फिरत फिरत तो बाईंच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पोचला.

सरांनी उत्तरादाखल कन्सेंट फॉर्म सादर केला. कन्सेंट म्हणजे पेशंटनं समजून दिलेली लेखी परवानगी. खाली सही होती, 'सुमन साळवे'. बाई मात्र एकच सांगत राहिल्या, "ही सही माझी नाही."

"अहो बाई, या आजारात विसरायला होतं," एक सदस्य मऊपणानं म्हणाले.

"माझ्या शेवटच्या वर्गाची हजेरी अजून पाठ आहे मला. म्हणून दाखवू?"

मॅडमनी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. बाई मुलाचा हात धरून बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

माझी अडचण वेगळी होती. इनामदार सर माझे गुरू. मी तालुक्याच्या शाळेतून आलेलो, घरातला पहिला पदवीधर. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत माझं इंग्रजी अडखळलं, तेव्हा सर म्हणाले होते, "मराठीत सांग रे. स्नायूंना कुठे इंग्रजी येतं?" नोकरी त्यांनीच दिली. पेशंटच्या अंगाला हात कसा लावायचा, हे मी त्यांच्याकडे शिकलो. त्यामुळे सुनावणीआधीच मी मॅडमना म्हटलं होतं, की मी या प्रकरणातून बाजूला होतो.

"पुण्यात निम्मे फिजिओ इनामदारांचे विद्यार्थी आहेत," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला मत नाही. बसा आणि लिहा."

तर मी लिहायला बसलो. 'तक्रारदारास संमती दिल्याचे विस्मरण झाले असावे.' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. हे वाक्य संघटनेच्या शिक्क्यासह बाईंच्या घरी जाणार होतं. व्हिडिओनं त्यांचं शरीर चारचौघांत दाखवलं होतं. आता त्यांची स्मरणशक्तीही गेली, असं आम्ही लेखी देणार होतो.

फॉर्मची तारीख ठरावात लिहायची म्हणून मी फाइल उघडली. तारीख उपचारांच्या पहिल्या दिवसाची होती. सवयीनं पुढचं पान उलटलं. तिथे त्याच दिवसाचा तपासणीचा तक्ता होता. आम्ही स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशी मोजतो. शून्य म्हणजे काहीच हालचाल नाही, पाच म्हणजे पूर्ण ताकद. बाईंच्या उजव्या मनगटापुढे सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'एक'. म्हणजे स्नायू नुसता फुरफुरतो, हात हलत नाही. बोटांपुढे 'शून्य'.

मी मागचं पान पुन्हा पाहिलं. सही ठसठशीत होती. खाली रेघसुद्धा मारलेली.

"मॅडम, या हातात त्या दिवशी पेन धरता आलं नसतं."

फाइल टेबलाभोवती फिरली. आम्ही सगळे रोज हात तपासणारे लोक. पण कमिटीत बसलो की वकिलासारखी फक्त सही नि तारीख बघायची, ही आमची खोड. तक्ता कोणी वाचलाच नव्हता.

"डाव्या हातानं केली असेल," मघाचे सदस्य म्हणाले.

"डाव्या हातानं पहिल्यांदा सही करून बघा," मॅडम म्हणाल्या. "रेघेसकट."

बाईंना आणि त्यांच्या मुलाला आत बोलावलं. मुलानं फॉर्म आता पहिल्यांदा हातात घेतला आणि ओशाळला. "ही मीच केली. आईला आत नेत होते. रिसेप्शनवर आठ-दहा कागद दिले, म्हणाले आईच्या नावानं करून टाका. सगळं इंग्रजीत होतं. मला वाटलं, ॲडमिशनचे असतील."

बाई त्याच्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "वाचायचं शिकवलं होतं तुला."

सर शेजारच्या खोलीत होते. त्यांना मीच सांगितलं.

"त्या बाईंना मी चालतं केलं. ते लिहिणार आहेस का ठरावात?"

"लिहिणार, सर. पहिल्याच ओळीत."

"छान. तक्ता वाचायला मीच शिकवलं ना तुला?"

"हो, सर."



ठराव असा झाला: व्हिडिओ सगळीकडून काढायचा, बाईंना मराठीत लेखी माफीपत्र द्यायचं, आणि सरांनी एक वर्ष कॉन्फरन्समध्ये पेपर वाचायचा नाही. सरांनी माफीपत्र स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि धायरीला स्वतः नेऊन दिलं. ते मला बाईंकडून कळलं. सर माझा फोन अजून घेत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या क्लिनिकचं कपाट उघडलं. स्वतःचं क्लिनिक काढताना सगळे फॉर्म मी सरांकडचेच उचलले होते. इंग्रजी, ॲडमिशनच्या कागदांत मिसळलेले. पक्षाघाताच्या पेशंटच्या फाइली काढून सही आणि तक्ता शेजारी शेजारी ठेवले. तीन फाइलींत हात शून्य आणि सही सुरेख होती. मी त्यांतल्या एकाही पेशंटचा व्हिडिओ कुठे दाखवला नव्हता. पण ते केवळ कॉन्फरन्सला कोणी मला बोलावलं नव्हतं म्हणून.

मी फाटक मॅडमना फोन केला. तिन्ही फाइलींचं सांगितलं.

"लेखी द्या," त्या म्हणाल्या. "आणि त्या बैठकीला सचिव दुसरा असेल."