आठ नंबरचे पाय

धाकटी साठी ओलांडून गेली तरी धाकटीच राहिली, कारण थोरली अजून ठणठणीत होती. दोघी सख्ख्या जावा. एकाच इमारतीत थोरली वरच्या मजल्यावर आणि धाकटी खालच्या, आणि या रचनेचा थोरलीने जन्मभर पुरेपूर फायदा घेतला. वरून बोललेलं खाली आपोआप ऐकू येतं. खालून उत्तर द्यायचं तर मान वर करावी लागते.

धाकटीनेही मान वर करून पुष्कळ उत्तरं दिली होती. शिवणकाम करणारी बाई ती. ओठांत टाचण्या धरून भांडायची तिची हातोटी अशी, की गिऱ्हाइकांना वाटे एखाद दिवशी ही टाचणी गिळणार. पण गिळायची सवयच तिला नव्हती, टाचणीही नाही आणि शब्दही नाही. एका विषयावर मात्र तिची बोलती बंद व्हायची. तो विषय म्हणजे तिचा नवरा.

नवरा बुटांच्या कारखान्यात होता. 'तपासणीचं काम आहे,' एवढंच तो सांगायचा, आणि त्यापुढे कोणी विचारलं की वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचा. आता कारखान्यातून आलेला माणूस दमलेला असावा, कपड्यांना डाग असावा, साहेबाच्या नावाने चार शिव्या तरी असाव्यात. हा सकाळी जायचा तसाच कोराकरकरीत परत यायचा. वर नखरे असे, की नव्या नवरीने शिकून घ्यावेत. अनवाणी पाऊल म्हणून फरशीवर ठेवायचा नाही. पाण्याची बादली उचल म्हटलं तर म्हणे, 'पायावर पडली तर?' जेवण झालं की कोमट पाण्यात पाय सोडून बसायचा आणि मग तेल चोळायचा, तेही बोटांच्या बेचक्यांतून, मन लावून. धाकटी म्हणायची, 'एवढं लक्ष माझ्याकडे दिलं असतं तर माझं सोनं झालं असतं.' तो हसायचा आणि दुसरा पाय पुढे घ्यायचा.

'अगं, बागेत जाऊन बसतो तो दिवसभर,' थोरली वरून सांगायची. 'कारखान्यातला माणूस असा दिसतो का?' पगार तर दर महिन्याला घरी येत होता. पण तेवढ्यावरून मत बदलेल ती थोरली कसली.

थोरला दीर या वादात कधी पडला नाही. तो सरळ माणूस. त्याला जगात एकाच गोष्टीचा अभिमान होता, आणि ती म्हणजे पायातले काळे बूट, त्याच कारखान्याचे. 'दुसरा कुठलाच बूट मला होत नाही. हे कसे पायासाठीच केल्यासारखे,' असं तो लग्नाकार्यातही लोकांना पाय पुढे करून दाखवायचा. पुढे कारखाना बंद पडला, दुसऱ्या कंपनीने विकत घेतला आणि धाकट्या भावाला एका दुकानात गल्ल्यावर बसायची वेळ आली. तेव्हा थोरल्याला भावाचं जास्त वाईट वाटलं की बुटांचं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. उरलेल्या मालातून जोड्या आणून त्याने माळा मात्र भरून ठेवला.

मागच्या वर्षी धाकटीचा नवरा गेला. झोपेतच गेला, पायांना तेल लावून.

सुतकाचे दिवस सरले. मग एकदा चौघं नातेवाईक जमलेले असताना तिने उसासा टाकला. 'माझं काय म्हणणं आहे, नोकरी असती तर पेन्शन नसती का आली?'

हा बाण बरोबर बसला. धाकटीचं शिलाईवर भागत होतं, पेन्शनवाचून तिची चूल अडत नव्हती. पण खरं सांगायचं तर तोच किडा तिच्याही डोक्यात वळवळत होता. पेन्शन सापडली तर माणूस खरा. नाही सापडली तर थोरली एवढी वर्षं बरोबर बोलत होती, आणि आपण एका थापाड्याबरोबर संसार केला. दुसऱ्याच दिवशी तिने गळ्यात मापाची टेप अडकवली आणि कारखाना विकत घेणाऱ्या त्या कंपनीच्या दारात जाऊन उभी राहिली.

दारावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, 'कुणाकडे?'

'मोठ्या साहेबांच्या कोटाचं माप घ्यायचंय,' धाकटी म्हणाली. 'पोट वाढलंय म्हणतात. तुम्ही बोलू नका कुठे.'

पहारेकरी न बोलण्याच्या आनंदात बाजूला झाला.

पेन्शनच्या टेबलामागे एक तरुण मॅडम होत्या. टेबलाखाली त्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या आणि एक पाय दुसऱ्या पायावर घासत होत्या. त्यांनी संगणकात बराच वेळ शोधलं. 'काकू, तपासणी विभागात या नावाचं कधीच कोणी नव्हतं.'

थोरलीचा चेहरा धाकटीला डोळ्यांसमोर दिसायला लागला, आणि तो चेहरा फार खूश होता.

'थांबा हं,' मॅडम म्हणाल्या. 'नमुना विभागात या नावाचं कोणीतरी आहे. पण कामाची जागा रिकामीच सोडलीय. असा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय. हे तुमचेच मिस्टर कशावरून? त्या विभागातलं कोणीतरी ओळख पटवायला हवं.' नमुना विभागातले एकच आजोबा आता हयात होते. बुटांचे लाकडी साचे घडवणारे सुतार. मॅडमनी त्यांचा पत्ता दिला.

सुतारआजोबांचं घर एका बोळाच्या टोकाला होतं. वारा फार, म्हणून दार लाकडाच्या एका ठोकळ्याने अडवून ठेवलेलं. धाकटीने नवऱ्याचा फोटो पुढे केला. आजोबांनी चष्मा लावला, चष्मा काढला, फोटो खिडकीपाशी नेला आणि परत आणला.

'नाही बाई. या माणसाला मी कधी पाहिलेलं नाही.'

'नीट बघा ना. तेव्हा गाल जरा भरलेले होते.'

'गाल भरून काय उपयोग? मुळात तोंडच ओळखीचं नाही.'

धाकटी उठली. भांडायचं त्राणही तिच्यात राहिलं नव्हतं. बागेतली बाकं डोळ्यांपुढे नाचायला लागली. दारातून बाहेर पडताना तिची नजर खाली त्या ठोकळ्यावर गेली आणि ती जागच्या जागी थांबली.

तो उजव्या पायाचा साचा होता, वापरून गुळगुळीत झालेला. बाहेरच्या अंगाला, करंगळी जिथे येते तिथे, छोटंसं टेंगूळ होतं. धाकटीने खाली बसून त्यावर अंगठा ठेवला. नवऱ्याचा उजवा मोजा सबंध संसारात फक्त त्याच जागी फाटला होता, आणि प्रत्येक वेळी तिनेच तो रफू केला होता. ती जागा तिला डोळे मिटून सापडली असती.

'हा माझ्या नवऱ्याचा पाय आहे,' ती म्हणाली.

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, मग साच्याकडे पाहिलं. 'आठ नंबर? तुम्ही आठ नंबरच्या मिसेस? अहो, मग आधी सांगायचं नाही का. तोंड काय दाखवत बसलात?'

मग सगळा उलगडा झाला. कारखान्यात आठ नंबरचा कुठलाही नवा बूट निघाला की तो आधी या माणसाच्या पायात जायचा. घालून चालायचं, जिना चढायचा, उतरायचा, आणि कुठे चावतो ते सांगायचं. तो उंच स्टुलावर बसायचा आणि आजोबा खाली, नाकासमोर त्याचे पाय. 'एवढी वर्षं मी खालीच बघितलं,' आजोबा म्हणाले. 'वर बघायचं कारणच पडलं नाही. नाव कोण विचारतो? सगळे आठ नंबरच म्हणायचे. काय पाय होते. एक भेग नाही, एक घट्टा नाही.'

'आणि हे टेंगूळ?'

आजोबा खुदकन हसले. 'करंगळी वाकडी होती ना त्यांची. मी साहेबांना म्हटलं, दुसरा माणूस बघू. साहेब म्हणाले, एवढ्या देखण्या पायांना करंगळीसाठी नाही म्हणू नका. मग काय, आठवरूनच बाकीचे नंबर काढायचे. करंगळी सगळ्यांत गेली. अख्खं शहर बुटात एका बाजूला कापूस कोंबून चालायचं, आणि का ते कुणालाच कळायचं नाही.'

धाकटीला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं आणि मग ते थांबेचना. ज्याला ती नखरे म्हणत होती ते नखरे नव्हतेच, तो माणूस आपल्या हत्याराला तेल देत होता. ती स्वतः आपल्या कात्रीला कुणाला हात लावू देत नसे. आणि त्याला मात्र ती बादल्या उचलायला सांगायची.

'घरी का सांगितलं नाही त्यांनी?'

'म्हणायचे, बढती मिळाली की सांगेन, नुसते पाय म्हणून काय सांगू. मी म्हणायचो, बाबा रे, पायाला कसली बढती?' आजोबांनी साचा उचलून तिच्या हातात दिला. दार धाडकन आपटलं. कोणीच लक्ष दिलं नाही.

आजोबांना आणि साच्याला घेऊन धाकटी पुन्हा मॅडमसमोर उभी राहिली. पहारेकऱ्याने या वेळी काही न विचारता नुसता डोळा मारला. मॅडमनी सगळं ऐकलं आणि साचा उलटासुलटा करून पाहिला. त्यांना मनापासून मजा येत होती, तरी त्या म्हणाल्या, 'काकू, हा पाय नमुना विभागातल्या माणसाचा, हे आजोबांनी सांगितलं. पण तो तुमच्याच मिस्टरांचा, हे तुम्ही एकट्याच म्हणताय. आता पडताळून बघायला पाय कुठून आणायचा?'

धाकटीने साच्यावरच्या टेंगळावरून अंगठा फिरवला. मग तिच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते पाहून आजोबा खुर्चीत सावरून बसले. 'उद्या आणते,' ती म्हणाली.

घरी जाऊन ती सरळ वर गेली. 'भाऊजी, घरातलं वडीलधारं माणूस म्हणून तुम्हाला उद्या ऑफिसात यायचंय,' एवढंच तिने सांगितलं. थोरल्याने मान डोलावली. थोरली लगेच म्हणाली, 'मीही येते.' धाकटीची फजिती घरबसल्या ऐकायची म्हणजे निम्मी मजा वाया गेली असती. धाकटीला हेच हवं होतं. भाऊजींनी मोजे नीट बघून घालावेत, हे तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने आवर्जून परत आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी सगळे टेबलासमोर बसले. थोरल्याच्या पायात माळ्यावरचे काळे बूट चकाकत होते.

'भाऊजी,' धाकटी म्हणाली, 'उजवा बूट काढा.'

थोरला बावरला. 'इथे?'

'काहीतरीच काय,' थोरली म्हणाली. 'आपण काय इथे पाय धुवायला आलोय?'

'काढा ना काका,' मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज सरकारी आणि डोळे अगदी बिनसरकारी होते. थोरल्याने बूट काढला. आतला मोजा करंगळीपाशी फाटला होता आणि भोकातून करंगळी वाकून बाहेर बघत होती. चार माणसांत नवऱ्याचा फाटका मोजा निघाल्यावर बाईने कुठे बघावं? थोरलीने छताकडे बघितलं.

आजोबा गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले. थोरल्याचा पाय त्यांनी दोन्ही हातांत धरला, मोजा उतरवला आणि शेजारी साचा ठेवला. टाच, चवडा, करंगळी. कुठे एकोणीस-वीस नाही. ते कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. मग हळूच म्हणाले, 'आठ नंबर, कुठे होतात इतके दिवस?'

थोरल्याला सगळं समजावून सांगावं लागलं, आणि दोनदा सांगावं लागलं. ऐकून झाल्यावर त्याने काढलेला बूट मांडीवर घेतला आणि त्यावरून हात फिरवला. 'पायासाठीच केल्यासारखे, असं मी सगळ्यांना सांगायचो,' तो म्हणाला. 'त्याच्या देखतही सांगायचो. तो नुसता हसायचा.'

मॅडमनी पेन उचललं. 'ओळख पटली. आता ही रिकामी जागा भरू या. काम काय लिहू?'

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. 'तपासणी.'

'बरोबर आहे,' आजोबा खालूनच म्हणाले. 'त्यांच्याइतकी तपासणी त्या कारखान्यात दुसऱ्या कोणी केली नाही.'

या क्षणासाठी धाकटीने रात्रभर एक वाक्य घोटून ठेवलं होतं. त्यात बाग होती, बाक होतं, आणि थोरलीला जन्मभर पुरेल एवढं तिखट होतं. ती ते बोलायला वळली, पण तिची नजर थोरल्याच्या उघड्या पायावर गेली. तीच टाच, तीच वाकडी करंगळी. हा पाय पुन्हा दिसेल असं तिला वाटलं नव्हतं. वाक्य तसंच राहिलं. तिने पिशवीतून सुईदोरा काढला आणि भाऊजींचा मोजा उचलला.

'राहू दे गं,' थोरली म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिचा आवाज खालच्या मजल्यावरून आल्यासारखा वाटला. 'घरी गेल्यावर मी घालीन टाका.'

'तुम्हाला नाही जमायचा, जाऊबाई,' धाकटी दोरा ओवत म्हणाली. 'ह्या जागेचा मला सराव आहे.'