मामाच्या पेशी

मला लोक तुसडी म्हणतात आणि ते खोटं नाही. पण ए-मामाशी मी जे वागले ते तुसडेपणाच्या पलीकडचं होतं. ते मी सांगणार आहे. ऐकवत नसेल त्याने खुशाल उठून जावं.

मामा आमच्या रक्तपेढीतला शिपाई. बाटल्या धुवायच्या, फ्रीजचं तापमान टिपायचं, रिपोर्ट वॉर्डात पोचवायचे, ही त्याची कामं. पण सकाळी साडेआठचं पहिलं काम निराळंच होतं. बाही वर सारून तो माझ्यासमोरच्या स्टुलावर बसायचा आणि मी त्याचं दोन मिली रक्त काढायचे. त्याचं असं आहे, रक्तगट दोन बाजूंनी तपासतात. आधी रुग्णाच्या पेशी बघायच्या. मग उलट करायचं, म्हणजे त्याच्या रक्तातलं पिवळसर पाणी ज्यांचा गट आपल्याला पक्का माहीत आहे अशा ए आणि बी पेशींवर टाकायचं आणि गुठळी होते का बघायचं. या माहितीतल्या पेशी रोज ताज्या लागतात. विकतही मिळतात, पण आमच्याकडे मामा होता ना फुकटचा. बी गटाची माणसं येत-जात राहिली. ए गटाला एकोणीस वर्षं तोच.

याचा त्याला केवढा अभिमान. रक्तदानाला आलेल्या लोकांना सरबताचा पेला देता देता तो त्यांना धडेच द्यायचा. "रक्तात निम्म्याहून जास्त नुसतं पाणीच असतं साहेब, त्यात थोडी प्रथिनं, थोडं मीठ. बाकी सगळ्या पेशी, आणि त्यातल्या बहुतेक लाल. लाल पेशी म्हणजे हमाल. फुप्फुसात प्राणवायू उचलायचा आणि पायाच्या अंगठ्यापर्यंत टाकून यायचं. ओझं जास्त मावावं म्हणून ती हाडाच्या पोकळीतून निघतानाच आपलं केंद्रक टाकून देते. डोकं घरी ठेवून कामावर येते, आमच्या मोठ्या साहेबांसारखी." मोठे साहेब म्हणजे आमचे प्रमुख डॉक्टर. ते ऐकूनही न ऐकल्यासारखं करायचे.

हे सगळं त्याला मीच शिकवलं होतं. एकदा त्याच्याच रक्ताची काच मायक्रोस्कोपखाली लावून दाखवली, तर बाबा अर्धा तास हलेना. मधे चेपलेल्या, सगळ्या एकसारख्या, गोल पेशी. "ताई, या चार महिन्यांनी मरतात म्हणता. मग कुठे जातात?" मी सांगितलं की प्लीहा नावाचा अवयव आहे, त्यात इतक्या बारीक फटी असतात की पेशीला अंग मुडपून जावं लागतं. म्हातारी ताठर पेशी अडकते आणि तिथेच संपते. तो म्हणाला, "म्हणजे वाकता येतंय तोवर नोकरी." आणि खो-खो हसला.

मग एके सकाळी त्याच्या पेशींनी दगा दिला. पेशी धुऊन नुसत्या मिठाच्या पाण्यात ठेवल्या तर मोकळ्या राहायला हव्यात. त्याच्या पेशी आपसातच चिकटून गुठळी होऊन बसल्या, आणि वरचं पाणी गुलाबी. मला वाटलं नळी घाण असेल. पुन्हा रक्त काढलं, पुन्हा तेच. चार दिवस तेच. माझं डोकं फिरलं, कारण बाहेर रुग्णांचे नमुने तुंबले होते. पाचव्या दिवशी मी तपासणी वहीत लिहिलं: "ए पेशी सदोष. स्रोत बदलावा." मोठ्या साहेबांनी न वाचता सही ठोकली. अँब्युलन्सचा ड्रायव्हर ए गटाचा निघाला. झालं, सुंठीवाचून खोकला गेला.

मामा सवयीने बाही सारून बसला होता. मी म्हटलं, "उठा मामा, तुमचा माल खराब झाला." सगळे हसले. तोही हसला, पण बाही खाली करायला त्याला बराच वेळ लागला.

शितावरून भाताची परीक्षा करणारे आम्ही लोक. शीत हातात होतं, भात समोर उभा होता, आणि एकाही शहाण्याला विचारावंसं वाटलं नाही की या माणसाला झालंय काय. त्याचे डोळे पिवळट दिसत होते. दोन जिने चढला की कठडा धरून उभा राहायचा. त्यावरही कोणीतरी म्हणालं, "मामा, प्लीहा बोलावतेय वाटतं." ते कोणीतरी म्हणजे मीच.

आठवड्याने त्याची बायको आली. हातात पिशवी, डोळे खाली. "ताई, हे धड जेवत नाहीत हो. मी आता कामाचा नाही म्हणतात. तुम्ही पहिल्यासारखं थोडं रक्त घेत जा ना. नंतर ओतून दिलंत तरी चालेल, यांना कळू नका देऊ." आम्हाला गंमत वाटली. दयाही आली, तेही सांगते. दुसऱ्या दिवसापासून मी त्याचं दोन मिली काढायला लागले आणि त्याची पाठ वळली की नळी कचऱ्याच्या डब्यात टाकायला लागले. दुपारी तो विचारायचा, "चाललं का आज?" मी म्हणायचे, "मस्त चाललं." चेहरा असा उजळायचा त्याचा.

महिनाभर हे चाललं. मग एके दिवशी रिपोर्ट घेऊन जाताना तो जिन्यातच कोसळला. हिमोग्लोबिन तीन पॉइंट चार. तातडीने रक्त हवं म्हणून त्याचा नमुना माझ्याच टेबलावर आला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या नळीवर रुग्ण म्हणून त्याचं नाव होतं. मी ए गटाच्या अकरा पिशव्या त्याच्या रक्ताशी जुळवून पाहिल्या. अकराच्या अकरांशी गुठळी. त्याचं शरीर स्वतःच्याच लाल पेशींना शत्रू समजून मारत सुटलं होतं, परक्यांना काय सोडणार. मी पुन्हा गुठळीकडे बघितलं. ही मी आधी बघितली होती. वही उघडली. अडतीस दिवसांपूर्वीचं माझंच अक्षर. पुस्तकात हा आजार मी पाठ केला होता, परीक्षेत त्यावर मार्क मिळवले होते. तेव्हा माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती कोण जाणे.

त्यातल्या त्यात कमी गुठळी करणारी पिशवी दिली. औषधंही सुरू केली. वॉर्डातले डॉक्टर म्हणाले, "महिनाभर आधी आला असता तर बहुतेक वाचला असता." आला असता म्हणे. तो रोज साडेआठला येत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मामा गेला.

मामी बाकावर बसल्या होत्या. मी जवळ गेले तर त्यांनीच माझा हात धरला. "डोळे पिवळे दिसायचे, लघवी चहासारखी व्हायची. शेजारीण म्हणाली, डॉक्टरला दाखवा. मी म्हटलं, कशाला? ताई रोज यांचं रक्त बघतात. काही असतं तर त्या बोलल्या नसत्या का?"

मी म्हटलं, "हे अचानक होतं, मामी. कोणाला कळत नाही."

"तुम्ही शेवटपर्यंत रक्त घेत राहिलात," त्या म्हणाल्या. "फार उपकार झाले."

दुसऱ्या दिवशी साडेआठला ड्रायव्हर बाही सारून स्टुलावर बसला. पेशी मोकळ्या, पाणी स्वच्छ. मी वहीत लिहिलं: "ए पेशी उत्तम." तब्येत कशी आहे हे विचारायचं त्याही दिवशी राहून गेलं.