बेगेमोतमावशीचा बेत

बेगेमोतमावशीला रशियन भाषा येत होती, पण सगळी जनावरांची. हत्ती, अस्वल, वाघ, जिराफ, कोल्हा, बकरा, गाढव यांची रशियन नावं तिला तोंडपाठ होती. 'पाणी द्या' किंवा 'रस्ता कुठला' यातलं मात्र अवाक्षर येत नव्हतं. एवढ्याशा भांडवलावर ती भिलाईतल्या रशियन साहेबांशी खुशाल गप्पा मारी. एखादा धिप्पाड इंजिनियर समोरून आला की डोक्यावरचा पदर सारखा करायची आणि आदबीनं म्हणायची, "मेदवेद!" म्हणजे अस्वल. साहेब पोट धरून हसे आणि तिला सलाम ठोके. आमच्या सडकेवर पाणी आणणाऱ्या टँकरवाल्याला ती 'अस्योल' म्हणे. म्हणजे गाढव. त्याला वाटे, आपल्याला रशियन पदवी मिळाली. मी त्याला अर्थ सांगितला नाही. टँकर रोज आमच्या दारात यायला हवा होता.

तिचं खरं नाव सखूबाई. भंडाऱ्याकडची. नवरा दुर्गच्या रेल्वेत खलाशी होता; एक मुलगा मागे ठेवून तो वारला, तेव्हा इकडे रशियनांच्या मदतीनं उभ्या राहणाऱ्या पोलादाच्या प्लांटचे पाये खणणं चाललं होतं. मावशी डोक्यावर टोपली घेऊन तिथं माती वाहायला लागली. पुढे एका रशियन इंजिनियरच्या घरी मूल सांभाळायला बाई हवी होती, तिथं ती लागली. ते घर तिला फार आवडलं. का, ते तिनं मला एकदाच सांगितलं. "गावात माहा कप वेगळा राहे. त्या घरात समदे कप सारखेच. अन् धुवाची मीच!" हे सांगताना ती हसत होती. मी लग्न करून नागपूरहून नुकतीच आले होते, माझे यजमान रोलिंग मिलमध्ये होते, आणि मागच्या दारानं येऊन ओट्यावर बसणारी ही बाई मला पहिल्याच दिवशी 'पोरी' म्हणू लागली होती.

त्या रशियन घरातली मुलगी नादिया. चार वर्षांची, केस ज्वारीच्या कणसासारखे पिवळट, असं वर्णन मावशीचं. मुलीकडे पुठ्ठ्याचं एक चित्रांचं पुस्तक होतं. ती एकेका चित्रावर बोट ठेवून मावशीला नाव शिकवायची आणि चुकलं की गालावर चापट मारायची. मावशीचं रशियन ते एवढंच, त्या पुस्तकाच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. शेवटच्या पानावर बेगेमोत होता. बेगेमोत म्हणजे पाणघोडा. तो मावशीला कधी खराच वाटला नाही. "असं थोबाड कुठं असते का? हे त्या चित्र काहाडनाऱ्यानं दारू पिऊन काहाडलं." त्यावरून दोघींचं रोज भांडण व्हायचं, आणि त्यातूनच तिचं नाव बेगेमोतमावशी पडलं. बदल्यात नादिया अस्सल वऱ्हाडी शिकली. आई जेवायला हाक मारी, तेव्हा ती गोरी पोरगी बंगल्याच्या कुंपणावरून ओरडे, "कावून?" म्हणजे कशाला?

नादियाच्या वडिलांचा करार संपला आणि ते कुटुंब मायदेशी निघालं. दुर्ग स्टेशनवर पोचवायला मावशीबरोबर मी गेले होते. नादियाच्या आईची, ल्युबाबाईची, मावशीनं खणानारळानं ओटी भरली, विधवेनं भरू नये हे न जुमानता. ल्युबाबाईला नारळाचं काय करायचं कळेना, तिनं तो बाळासारखा कडेवर घेतला. गाडी हलली तशी नादिया खिडकीतून ओरडली, आणि निम्मं वऱ्हाडीत ओरडली म्हणून आम्हाला कळलं: "तू ये! बेगेमोतजवळ ये! मी तिथं हाये!" पाणघोडा खोटा आहे म्हणणाऱ्या म्हातारीला तो दाखवल्याशिवाय त्या मुलीला चैन पडणार नव्हतं. मावशी म्हणाली, "येतो." गाडी गेली. ल्युबाबाईनं दिलेल्या पत्त्यावर आम्ही पत्रं पाठवली, ती परत आली. ते लोक तिथून दुसऱ्या गावी गेले होते, आणि कुठल्या, ते इथल्या कुठल्याच रशियनाला सांगता येईना.

दुसरं कोणी असतं तर चार दिवस डोळे पुसून गप्प बसलं असतं. मावशी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तुया जवळ तो नकाशा हाये नं? काहाड." तिचा बेत सोपा होता. नादियानं बेगेमोतजवळ ये म्हटलं होतं, पण कुठल्या गावच्या, ते म्हटलं नव्हतं. तर जिथं जिथं बेगेमोत असेल त्या सगळ्या झूंमध्ये जायचं. माझे यजमान चहा पीत ऐकत होते. ते म्हणाले, "मावशी, रशिया म्हणजे भंडारा जिल्हा नव्हे. फार मोठा देश आहे तो."

"असन मोठा," मावशी म्हणाली. "बेगेमोत किती असतीन?"

यजमानांनी चहा तसाच खाली ठेवला. हा प्रश्न त्यांना इंजिनियरिंगच्या कुठल्याच परीक्षेत आला नव्हता. "तरी पत्ता नको का?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"पत्ता मानूस बदलवते, जावईबापू. बेगेमोत कुठं जाईन?"

मग आम्ही तिघं नकाशावर वाकलो. मॉस्को ठरलं, लेनिनग्राड ठरलं, कीव्ह ठरलं. मधल्या बर्फाला मावशी घाबरत नव्हती. तिला काळजी तिखटाची होती. ज्वारीचं पीठ, लसणाची चटणी आणि मिरच्या किती न्यायच्या यावर दिवसचे दिवस खल झाला. मी म्हटलं, "झूमध्ये पोचाल, पण गावात बोलाल काय?" तर म्हणाली, "गावात कायले बोलू? मले जनावराचं येते, मी जनावराजवळच उतरन." तिला पोरगी एकदा डोळ्यांनी पाहायची होती, बस. बाकी सगळा उपद्व्याप त्यासाठी होता, हे आम्हाला माहीत होतं. पण लोकांनी विचारलं की ती सांगायची, "झू पाहाले चालली. मानसं पाहून पाहून डोयाले झापड आली."

शेजारच्या काकूंनी तिला सुचवलं की एखादा नवस बोल, काम लवकर होईल. मावशीनं बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यावर घरातले देव हलवले होते. ती म्हणाली, "ज्यायले मी घरातून काहाडलं, त्यायलेच आता म्हनू का, मले इमानात बसवा? मी असती तं नसतं बसवलं." काकू दोन दिवस आमच्याकडे फिरकल्या नाहीत.

रंगीत तालीम म्हणून आम्ही नागपूरला महाराजबागेच्या झूमध्ये गेलो. माझं माहेर तिथं, म्हणून मुक्कामाची चिंता नव्हती. तिथं पाणघोडा नव्हता, पण मावशीनं प्रत्येक पिंजऱ्यापुढे उभं राहून सराव केला. अस्वलाला म्हणाली, "मेदवेद!" अस्वल ढुंकूनही बघेना. मी म्हटलं, "ते इथलं आहे मावशी, त्याला रशियन कुठून येणार?"

"मले कुठं येत होती?" असं म्हणून ती पुढच्या पिंजऱ्याकडे गेली. माकडांपुढे मात्र तिनं रशियन वापरलं नाही. त्यांना वऱ्हाडीतच चार शिव्या दिल्या आणि परत येताना म्हणाली की आपल्या प्लांटच्या ऑफिसात यांच्यातले दोघंतिघं सहज खपतील.

बेत करून वर्षं गेली. मावशी दरम्यान प्लांटच्या दवाखान्यात आया म्हणून लागली होती. नादियासाठी तिनं लुगड्याचा काठ लावून एक फ्रॉक शिवला होता. मी तो पाहिला आणि म्हटलं, "मावशी, ती आता नऊ-दहा वर्षांची झाली असेल." मावशीनं शिवण उसवली आणि बाजूला पट्टी लावली. पुढच्या वर्षी पुन्हा उसवली. मला त्या पट्ट्यांकडे बघवत नसे. जाणं काही होणार नाही, असं मी तोवर मनाशी धरून चालले होते.

आणि मग प्लांटमधल्या कामगारांचं एक मंडळ रशियाला पाठवायचं ठरलं. त्यात एक बाई हवी होती. रशियन लोकांमध्ये मावशीची ओळख मोठी, तेव्हा तिचंही नाव गेलं. माझ्या यजमानांनी तिला पढवलं: साहेब विचारतील, तिकडे काय पाहणार? तर सांगायचं, कारखाने, पाळणाघरं, शेती. मावशीनं मान डोलावली. ती मान डोलावते तेव्हा काही खरं नसतं, हे त्यांना तोवर कळायला हवं होतं.

मुलाखतीत प्लांटच्या साहेबांनी हिंदीत विचारलं, "वहाँ क्या देखना चाहती हो?"

"झू, साहेब."

"और?"

"दूसरा झू."

"और?"

"तिसरा झू. फिर वापस."

"और कारखाना?"

"वो तो मैंनेच बनाया, साहेब. टोपली से. अपनाच बनाया हुआ कोई इतना दूर जाके देखता क्या?"

आधीच्या सगळ्या उमेदवारांनी पोलाद उत्पादनाबद्दल इतकं सांगितलं होतं की साहेबांना जांभया येत होत्या. ते मोठ्यानं हसले आणि त्यांनी मावशीच्या नावापुढे खूण केली. बातमी आली तेव्हा मावशी ओट्यावर लसूण सोलत होती. ती उठली नाही. लसूण संपेपर्यंत सोलत राहिली आणि मग एकाएकी रडायला लागली. मीही रडले. यजमान म्हणाले की लसणानं डोळे झोंबतात, आणि ते आत निघून गेले.

ती परत आली तेव्हा सगळी सडक आमच्या घरी जमली. मावशीनं आधी सगळ्यांना विमानातलं खाणं, बर्फ आणि तिखटाचे हाल ऐकवले. बेगेमोत खरा निघाला होता. "थोबाड चित्रातल्यापेक्षा वाईट. पन मानूस चांगला. घाई नाही, गडबड नाही, बिल्कुल बाबूसारखा पडून राहते." लोक हसून हसून घरी गेले. मग आम्ही तिघंच उरलो. विचारायचं कोणी, हा प्रश्न होता. मी विचारलं.

"नाही भेटली," मावशी म्हणाली. "मंडळातले लोक वाघ-सिंह पाहत फिरत, मी तिथंच उभी राहू. एका ठिकानी तं टाकंच रिकामं होतं, बेगेमोत नव्हताच. मी तिथंबी उभी राहिली. शेवटच्या झूत एक पोट्टी आली आपल्या बापासंगं, केस तसेच. फ्रॉक तिले देऊन टाकला. बरोबर बसला."

"वाईट वाटलं असेल," मी म्हटलं.

"वाटलं नं वं. रडली मी. बेगेमोतापुढंच रडली. त्याले काय, तो पान्यातच असते."

यजमान साधे सरळ इंजिनियर. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे मावशी, एवढं जाऊन उपयोग काही झाला नाही."

मावशीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं ती महाराजबागेतल्या माकडांकडे पाहत होती. "उपयोग काय इचारता, जावईबापू? पोट्टीनं ये म्हनलं होतं. मी येतो म्हनलं होतं. मी गेली." आणि कप उचलून ती मोरीवर धुवायला गेली. मी किती नको म्हटलं तरी ऐकलं नाही.

पुढे ती मुलाकडे डोंगरगडला राहायला गेली आणि तिथंच वारली. आम्हीही भिलाई सोडली. तिच्यापासून मला एक खोड लागली आहे. रस्त्यात कोणी भेटतं, 'या हो एकदा घरी' असं आपलं तोंडदेखलं म्हणतं, आणि चार दिवसांनी मी खरंच त्यांच्या दारात उभी राहते. पुष्कळ लोक गडबडतात. घर आवरलेलं नसतं, साखर संपलेली असते, कोणी बनियनवर असतं. मी बसते, चहा घेते, गप्पा मारते. आणि मी स्वतः कोणाला उगाच 'या' म्हणत नाही. म्हटलं, तर वाट पाहते.