पडद्यासमोरचा उघडा तळवा

दिगंबरमामा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. मामी मूळच्या अंजूर गावच्या. लग्नानंतर भिवंडीच्या कामतघर भागात इतकी वर्षं काढूनही त्यांची बोली सुटलेली नाही. "पोरी, तुजा मामा न्हाय हाय आता," एवढंच त्या म्हणाल्या... आणि त्या धक्क्यातही मला प्रथम आठवला तो मामांचा सिद्धांत. निसर्गात 'नाही' असं काही नसतं, हे ते आयुष्यभर सांगत आले. झाड असतं, दगड असतो. 'इथे झाड नाही' असं म्हणणारा प्राणी मात्र एकच.

मामा भिवंडीतल्या एका महाविद्यालयात वक्तृत्वशास्त्र शिकवत. शब्द माणसाला कसे घडवतात, याचा तो अभ्यास. जुन्याच एका विचाराचा त्यांना ध्यास लागला होता: भाषेमुळे माणसाला 'नाही' सापडलं, 'नाही'मधून नियम जन्मले, आणि नियम हाती आला की तो निर्दोष होईपर्यंत ताणत नेण्याची खोडही जडली. माणूस दुष्टपणाने बिघडतो त्याहून अधिक या परिपूर्णतेच्या हव्यासाने बिघडतो, असं त्यांचं म्हणणं. गंमत अशी की, हे सारं ते ग्रंथांपेक्षा सुपरहिरोंच्या चित्रपटांवर पडताळत. सहकारी हसत. मामा शांतपणे शुक्रवारच्या पहिल्या खेळाला जात.

शुक्रवारी भिवंडीतले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात, त्यामुळे तो खेळ कारखान्यांतल्या लोकांनी भरलेला असे. खडखडाटात दिवस काढणारी ही माणसं कुजबुजली तरी तीन रांगांना ऐकू जातं. मामांचं बालपण अशाच एका शेडमध्ये, वडिलांच्या लूमशेजारी गेलं होतं. तिथे आवाज पोचत नाही म्हणून हात बोलतो. उघडा तळवा उंचावला की अर्थ एकच... थांब. मामांनी ती सवय घरात, वर्गात, सगळीकडे आणली होती. मी वादात घाईने निष्कर्षाला पोचले की त्यांचा तळवा वर झालाच म्हणून समजा.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एक चित्रपट पाहिला. त्यातला अतिमानव नायक शेवटी शपथ घेतो: या शहरात यापुढे कुणी मरणार नाही. मामा खुर्चीतच उसळले. "पाहिलंस? 'नाही' आलं!" पडद्यावर नावं सरकू लागली, दिवे लागले, झाडूवाल्या चाचांनी नेहमीप्रमाणे हाक दिली, "उठिए सर, खतम हो गया." मामांनी तळवा दाखवला. शेवटचं नाव जाईपर्यंत ते कधीच उठत नसत.

बाहेर चहाच्या टपरीवर मी त्यांना धरलं. "मामा, घडून गेल्यावर सगळं समजावणारा सिद्धांत विज्ञानात चालत नाही. दुसरा भाग यायचाय. आधी सांगा, काय होईल?"

"आली का शास्त्रज्ञ बाई आमची परीक्षा घ्यायला! लक्षात ठेव मग. नायक बिघडणार. खलनायकामुळे नाही, स्वतःच्या शपथेमुळे. आणि पडद्यावरचा एखादा साधा माणूस त्याला 'नाही' म्हणून अडवणार."

"आणि तसं नाही झालं तर?"

"तर तुझ्यासमोर कान धरीन, आणि हा विषय शिकवणं बंद."

"कान धरलेला फोटो मामींना पाठवणार हं."

"तिला कशाला फोटो? ती रोजच बघते!"

दुसरा भाग मामांनंतर तीन आठवड्यांनी आला. मी पुण्याहून मुद्दाम भिवंडीला आले. एखादं भाकीत खरंच ठरावं, असं मला आयुष्यात प्रथमच वाटत होतं. प्रयोग करणाऱ्यासाठी ही धोक्याची अवस्था. मध्यंतरापर्यंत भाकिताचा पहिला अर्धा भाग तंतोतंत जुळला! नायकाने शहराभोवती अभेद्य कवच उभारलं. अपघात नकोत म्हणून रस्ते बंद केले, भांडणं नकोत म्हणून माणसं घराघरांत कोंडली. कुणी मरत नव्हतं आणि कुणी जगतही नव्हतं. मामा, मामा, हे बघायला हवं होतं तुम्ही...

मग मी त्या साध्या माणसाची वाट पाहू लागले. तो आलाच नाही. पडद्यावरचे सगळे गप्प. नायक शेवटचं दार ओढून घेऊ लागला; आत एक आई, बाहेर तिची मुलगी. आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या एका माणसाने उघडा तळवा उंचावला. "अरे, थांब! रुक जा!" शेजारची बाई ओरडली, "पोरगी बाहेर राहिली ना रे, मुडद्या!" मग दुसरा तळवा, पाचवा, विसावा... लूमवरचे ते सगळे हात, एका प्रकाशाच्या चित्राला थांबवायला निघालेले. माझाही हात वर होता. कधी गेला, मला कळलं नाही.

कवच शेवटी यंत्र बिघडून फुटलं. म्हणून निकाल काटेकोरपणे नोंदवते: मामांचं अर्धं भाकीत खरं ठरलं, अर्धं चुकलं. पडद्यावर त्याला कुणीही अडवलं नाही. पण 'नाही' म्हणणाऱ्या ज्या प्राण्याविषयी ते बोलत होते, तो पडद्यावर शोधण्यात आम्हा दोघांचीही चूक झाली होती. तो अंधारात, तिकीट काढून, आमच्या पुढच्याच रांगेत बसला होता. विषय शिकवणं बंद करायचं कारण नव्हतं, मामा.

दिवे लागले. नावं सरकत होती, माणसं बाहेर पडत होती. झाडूवाले चाचा माझ्या रांगेपर्यंत आले, शेजारच्या रिकाम्या खुर्चीपाशी क्षणभर थबकले. "उठिए बेटा," ते हळूच म्हणाले, "खतम हो गया."

मी त्यांना उघडा तळवा दाखवला.