ब्लागुनाच्या मोटारीची काच

ब्लागुनानं पन्नाशी उलटल्यावर मोटार चालवायचं लायसन काढलं, तेव्हा प्रिलेप शहराजवळच्या आमच्या तंबाखूच्या गावात बरेच दिवस दुसरा विषयच नव्हता. तिचा नवरा ओर्दान याच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता आणि दारातली लाल मोटार उन्हापावसात नुसती कुजत होती. या जातीच्या मोटारीला आमच्याकडे सगळे स्तोयादिन म्हणतात, घरातल्या थोरल्या काकाला हाक मारावी तसं. ओर्दान म्हणाला, "विकून टाकू." ब्लागुना म्हणाली, "विकायची कशाला? तुझे डोळे गेलेत, माझे शाबूत आहेत."

पहिल्या परीक्षेत तिनं गाडी मागे घेताना गवताच्या ढिगात घातली. दुसऱ्या वेळी परीक्षक शिंकला म्हणून दचकून तिनं करकचून ब्रेक दाबला. तिसऱ्यांदा मात्र पास झाली आणि परीक्षकाच्या दोन्ही गालांचे मुके घेऊनच घरी आली. त्यानंतर ती रोज संध्याकाळी गावाबाहेरच्या चर्चपर्यंत गाडी नेई आणि परत आणी. शेजारी ओर्दान बसलेला असे. त्याला रस्ता दिसत नसे, पण इंजिनाच्या आवाजावरून तो सांगे, "गिअर बदल गं, रडायला लागली बघ ती."

त्या साली इलिनदेनच्या सणाला, डोंगरापलीकडच्या गावच्या मेळ्यात गाण्यासाठी आमच्या गावच्या बायकांना बोलावणं आलं. गाणाऱ्या तिघीच उरल्या होत्या. गाणं उचलायची ती तोदा, अंगानं भारी आणि आवाजानं त्याहून भारी. खालचा सूर धरायच्या त्या ब्लागुना आणि वसिला आजी. आजी ऐंशीला टेकली होती, पण एकदा श्वास घेतला की तंबाखूच्या पानांची एक माळ ओवून होईपर्यंत सोडायची नाही. मिनीबस ठरली होती. सणाच्या आदल्या आठवड्यात मिनीबसवाल्याला लग्नाचं वऱ्हाड मिळालं आणि त्यानं अंग काढून घेतलं. तोदा फाटकाशी बसून ढसाढसा रडली.

"रडतेस काय?" ब्लागुना म्हणाली. "मी नेते."

"तू? डोंगर चढवून?"

"मग काय खांद्यावर घेऊन नेऊ?"

बोलून तर बसली, पण रात्रभर तिला झोप नव्हती. भीती होतीच. पण भीतीच्या वर साय धरावी तसा आनंद होता. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाला तरी कुठंतरी घेऊन जाणार होती.

सणाच्या आदल्या दिवशी पहाटेच तंबाखू खुडून झाल्यावर तिनं कच्च्या टोमॅटोनं घासून हाताचा काळा चीक काढला आणि मोटार धुवायला घेतली. साबण लावला, जुन्या लोकरी मोज्यानं मेण घासलं. काचा तर व्हिनेगर लावून अशा लखलखीत केल्या की कोंबड्याही मान वाकडी करून स्वतःला पाहू लागल्या. एवढ्यात शेजारचा दिम्को आपला मेंढा घेऊन गल्लीतून आला. मेंढ्याचं नाव पाशा. शिंगं वेटोळी, मान बैलाएवढी, आणि स्वभाव नावाला शोभेल असा.

पाशा मोटारीपाशी थबकला. चालकाच्या बाजूच्या, म्हणजे आमच्याकडे डाव्या, काचेत त्याला दुसरा मेंढा दिसला. तसाच माजोरडा, तसाच डोळे वटारून बघणारा. पाशा चार पावलं मागे सरला. समोरचाही सरला. मग काय, पाशा धावत आला, मागच्या पायांवर उठला आणि धाडकन डोकं हाणलं.

काच फुटली ती आवाज करत नव्हे, उसासा टाकावा तशी खाली बसली. सीटवर, पायाशी, दाराच्या फटीत सगळीकडे खडीसाखर सांडल्यासारखे तुकडे. पाशा डोकं झटकून समाधानानं उभा. शत्रू नाहीसा झाला होता.

"अरे मेल्या दिम्को!"

"मी काय केलं वहिनी? एवढी चकाकती ठेवायची कशाला? मुक्या जनावराची चूक नाही हं."

"मुक्या जनावराची नाहीच. त्याला धरून चालणाऱ्याची आहे."

ओर्दान काठी टेकत बाहेर आला. त्यानं दाराच्या रिकाम्या चौकटीतून हात आत-बाहेर केला आणि म्हणाला, "गेली?"

"गेली."

तोदाला कळलं तशी ती एप्रनला हात पुसत धावत आली आणि म्हणाली, "प्लास्टिक चिकटवू, आहे काय त्यात!" पण तिच्या मागून वसिला आजी आली होती. आजीनं चौकटीकडे पाहिलं आणि गळ्याभोवतीचा रुमाल घट्ट केला.

"त्या भोकातून वारा येणार," ती म्हणाली. "घाटातला वारा मानेला लागला की घसा बसला. मग मेळ्यात काय बेडकासारखी डराव डराव करू? काच असेल तर मी आहे. नसेल तर तुम्ही दोघी जा."

वाऱ्याच्या झोतापुढे आमच्याकडे डॉक्टरचंही काही चालत नाही. आजीचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. आणि दोघींत तिघींचं गाणं होत नाही.

ब्लागुनानं सीटवरचे तुकडे झाडले, जाड पोतं अंथरलं, चौकटीला प्लास्टिक डकवलं आणि किल्ली हातात घेतली. "दिम्को, बस गाडीत. प्रिलेपला भंगारवाल्याकडे जायचं. पैसे तू देणार आणि काच मांडीवर धरून तूच आणणार."

"ओर्दान नाही यायचा?"

"ओर्दानच्या मांडीवर काच ठेवली तर तो गिअर सांगणार कसा? तू बस."

ओर्दानशिवाय ती पहिल्यांदाच मोठ्या रस्त्याला लागत होती. प्लास्टिक कानाशी फडफडत होतं, ट्रक घोंघावत मागून पुढे जात होते आणि दिम्को दोन्ही हातांनी सीट धरून मनातल्या मनात सगळ्या संतांना बोलवत होता. "वहिनी, हळू!" "हळूच आहे रे." "मग अजून हळू!" शहराच्या तोंडाशी वळण आलं तेव्हा ब्लागुनानं गिअर न रडवता खाली घेतला आणि तिचं तिलाच हसू फुटलं. प्लास्टिक सुटून उडून गेलं, तरी ती हसतच होती.

भंगारवाला स्पासे छत्रीखाली टरबूज कापून बसला होता. सणामुळे तो दुपारीच फाटक लावणार होता.

"स्तोयादिनची काच? पुढच्या डाव्या दाराची?" त्यानं बी थुंकली. "नाही मावशी. ती पहिली जाते. उजवी आहे, हवी तर ने."

"उजवी डाव्याला बसेल?"

"डावा बूट उजव्या पायाला बसतो का? काचेला बाक असतो."

"मी बघून येते."

"बघ. साप दिसला तर माझं नाव सांग."

आवार म्हणजे मोटारींची स्मशानभूमी. एकावर एक तीन-तीन रचलेल्या. ऊन मी म्हणत होतं. ब्लागुना परकर खोचून रांगांमधून फिरली. चार स्तोयादिन सापडल्या. एकीला दारंच नव्हती, दुसरीच्या दारात काच नव्हती, तिसरी होरपळलेली. चौथी निळी, सगळ्यांत मागे, बोराच्या काटेरी झुडपात अर्धी बुडालेली. तिच्याही डाव्या दाराची चौकट रिकामीच. दिम्को म्हणाला, "चला वहिनी, नशीबच नाही."

ब्लागुना वळलीही होती. पण तिच्या मनात आलं, या निळीची बाकी सगळी काच धड आहे. मग हीच एक कशी फुटेल? आणि सीटवर एकही तुकडा नाही. ती काट्यांत घुसली, दाराच्या वरच्या फटीत एक डोळा लावला आणि आत पाहिलं. आत, अंधारात, हिरवट कड चमकत होती.

"दिम्को! अरे फुटली नाहीये ती! खाली केलेली आहे! कुणीतरी खाली करून ठेवली न् तशीच राहिली!"

ती इतक्या जोरात ओरडली की स्पासे टरबूज हातात घेऊनच धावत आला. त्यानंही फटीत डोळा घातला. मग डोक्यावरची टोपी मागे सारली. "माझ्या बापाच्यान! हिच्या शेजारून मी रोज जातो."

काच वर करायचं हँडल गंजून बसलं होतं. म्हणजे दार उघडून आतूनच काढायला हवी. स्पासेची कंबर धरलेली. त्यानं पेचकस आणि पाना ब्लागुनाच्या हाती दिला आणि स्वतः उलट्या बादलीवर बसला.

"आधी हँडलची क्लिप. तिरकी घाल. तिरकी म्हटलं! आता हाताखालची मूठ. स्क्रू टोपीत ठेव, नाहीतर सणाला मुंग्या खेळतील त्यांच्याशी. आता दाराचं आतलं पॅड ओढ. ओढ गं, तंबाखू खुडतेस ना रोज?"

पॅड टपटप करत सुटलं. आतून धूळ, वाळकी पानं आणि एका उंदराचं जुनं घर निघालं. दिम्को दोन पावलं मागे झाला. मेंढा पाळणारा माणूस उंदराच्या रिकाम्या घराला भ्यायला, म्हणून स्पासे बादलीवरून पडेपर्यंत हसला. खालच्या पट्टीचे बोल्ट हलेनात. ब्लागुनानं पान्यावर सगळं अंग टाकलं. तंबाखूचे गठ्ठे उचलून तयार झालेले खांदे होते ते. बोल्ट किंचाळला आणि फिरला.

"आता वर. तिरपी कर. बाळ बाहेर काढतेस असं समज."

काच फटीतून हळूहळू वर आली. धुळीनं माखलेली, पण एक ओरखडा नाही. ब्लागुनानं ती उन्हात धरली आणि बाहीनं धूळ पुसली. स्पासेनं दिम्कोकडून पैसे घेतले आणि टरबुजाची उरलेली फोड ब्लागुनाला दिली. "कामाला येतेस का इथं?"

"आधी मेळा होऊ दे," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर घोंगडीत गुंडाळलेली काच मांडीवर घेऊन दिम्को बसला होता. श्वाससुद्धा मोजून घेत होता. गावात शिरताना खड्डा आला तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, माझ्या पोरीच्या बारशालासुद्धा मी इतका घाबरलो नव्हतो." तोवर बातमी पोचलेली. अर्धी गल्ली ओर्दानच्या फाटकाशी खुर्च्या टाकून बसली होती, सूर्यफुलाच्या बिया फोडत.

आता बसवायची होती. जसं काढलं तसं उलट करायचं, एवढंच ब्लागुनाला ठाऊक होतं. तिनं आपल्या दाराचं पॅड सोडवलं, तळाशी साचलेले तुकडे ओंजळीनं काढले. राहिले तर रोज खुळखुळतील आणि नवी काच खरवडतील, असं ओर्दान म्हणाला. तो दाराला टेकून जमिनीवर बसला, दोन्ही हात कोपरापर्यंत आत घालून.

"तू वरून सोड. मी खाली घेतो."

"दिसतंय का तुला?"

"तिथं कुणाला दिसतं? बोटांनीच बघायचं असतं."

तिनं काच फटीत घातली. पुढचं टोक रबरात गेलं, मागचं जाईना. गल्लीतून सल्ले सुरू झाले. तोदा म्हणाली डावीकडे, दिम्को म्हणाला उजवीकडे, कुणी म्हणालं तेल घाल, कुणी म्हणालं काच जरा ओली कर. ब्लागुनानं ओरडून सगळ्यांना गप्प केलं. त्याच क्षणी घामेजलेल्या बोटांतून काच निसटली.

सण्णकन खाली गेली.

बिया फोडायच्या थांबल्या. ब्लागुनाचे डोळे मिटलेले. खालून ओर्दानचा आवाज आला, दाबलेला, दातांतून.

"धरलीय. पण माझी बोटं खाली आहेत. उचल ना बये, लवकर!"

तिनं उचलली. या वेळी दोन्ही टोकं रबरात सरकली, जणू तिथंच जन्मली होती. पट्टी बसली, बोल्ट आवळले. ओर्दाननं हात बाहेर काढले तेव्हा दोन बोटं वांग्यासारखी निळी झाली होती. तो ती सगळ्यांना दाखवत होता, पदक मिळाल्यासारखी.

ब्लागुनानं हँडल फिरवलं. काच वर आली. गोल गोल फिरवत राहिली, काच चढत राहिली आणि वरच्या रबरात घट्ट बसली. टाळ्या पडल्या. वसिला आजी उठली, गाडीत बसली, दार लावून घेतलं आणि काचेच्या कडेनं हळूहळू तळहात फिरवत नेला. वारा कुठून येतो का ते ती तपासत होती. मग आजी आतूनच काहीतरी म्हणाली, पण काच एवढी घट्ट बसली होती की कुणाला ऐकू आलं नाही. ब्लागुनानं बाहेरून खूण केली तशी आजीनं हँडल फिरवून काच खाली केली.

"उद्या सकाळी लवकर निघू म्हटलं!"

सकाळी निघाले. मागे तोदा आणि आजी, ठेवणीतले भरतकामाचे कपडे घालून, मांडीवर चीज घातलेल्या पाईची परात. पुढे ओर्दान, पट्टी बांधलेल्या बोटांसह. घाट सुरू झाला तशी गाडी धापू लागली. ओर्दान म्हणाला, "दुसरा." ब्लागुना म्हणाली, "टाकलाय." तिनं खरंच त्याच्या आधी टाकला होता. वळणामागून वळण. खाली प्रिलेपची शेतं चटईसारखी पसरली. एका ठिकाणी मागून ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला, तर तोदानं मागच्या काचेतून त्याला असा हात केला की तो पुढच्या वळणापर्यंत मुकाट चालला. मग तोदानं गाणं उचललं. आजीनं सूर धरला. ब्लागुना दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, नजर रस्त्यावर ठेवून त्या सुरात मिसळली आणि गाडी माथ्यावर पोचली. पलीकडे उतार, द्राक्षाचे मळे आणि दूरवर मेळ्याचा धूर.

मेळ्यात त्या शेवटून दुसऱ्या गायल्या. बक्षीस दुसऱ्याच गावाला गेलं. तोदा त्याबद्दल अजून बोलते. पण त्यांचं गाणं संपल्यावर पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठून वसिला आजीच्या गळ्यात पडली. लग्न होऊन ती या बाजूला आली होती, आणि ते गाणं तिनं माहेर सोडल्यापासून ऐकलं नव्हतं. दोघी सावलीत बसल्या, एकमेकींचे हात धरून. निघायची वेळ झाली तरी आजी उठेना, आणि ब्लागुनानंही तिला उठवलं नाही. आता गाडी आपलीच होती, वेळही आपलाच.

पुढं सप्टेंबरात, तंबाखू वाळत घातल्यावर, तिनं सगळ्यांना ओह्रिदच्या तळ्यावर नेलं. आजीनं एवढं पाणी कधी पाहिलं नव्हतं. बूट काढून ती घोट्यापर्यंत आत गेली, वाकून ओंजळ भरून चाखली आणि वळून ओरडली, "ब्लागुने, गोडं आहे गं! समुद्र अजून किती लांब?"