नजर खराब

आमच्या शाळेत पोरं तपासायला सरकारी डाक्टर आले तेव्हा मी तिसरीत होतो. निजामाचं राज्य, शिकवणं उर्दूत आणि आमची जीभ शेतातली. वजनासाठी सिरसाळ्याच्या बाजारातून धान्याचा मोठा तराजू आणला होता. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात पोरगं. पारडं हललं की सगळी फिदीफिदी हसायची, मीही हसलो. मग भिंतीला पाठ लावून उंचीची कोळशानं रेघ मारली, जीभ बघितली, पापण्या उलट्या करून बघितल्या.

शेवटी डाक्टरांनी लांबून उर्दू अक्षरांचा कागद धरला. बे, पे, ते यांच्यात फरक काय तो टिंबांचा, आणि मला टिंबंच दिसेनात. मी आपला म्हणत गेलो, "बे. बे. बे." डाक्टर मास्तरांकडे वळून म्हणाले, "इसकी नजर खराब है."

त्यांच्या बोलीत याचा अर्थ एवढाच, की याला नीट दिसत नाही. पण आमच्याकडं ज्याची नजर खराब, त्यानं नुसतं बघितलं तरी दुभती म्हैस आटते, अंगावरचं लेकरू दूध टाकतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या पोरानं ते ऐकलं आणि दिवस मावळायच्या आत गावभर केलं. वर म्हणायचा, "म्या न्हाई म्हणत, सरकारी डाक्टर म्हनलाय." सरकारचं म्हटल्यावर खोटं कोण म्हणणार?

आबा, माझे वडील, खरंखोटं करायला मास्तरांकडं गेले. मास्तर हैदराबादचे, मराठीची बोंबच. आबांनी विचारलं, "पोराची नजर खराब हाय का?" मास्तर फार कळवळून म्हणाले, "जी हाँ, बहुत खराब है." झालं. त्या मास्तरांची काही चूक नव्हती हे मला कळतं, तरी त्यांचा राग आजही येतो.

पोरं माझ्याकडं पाठ करून भाकरी खायला लागली. विटीदांडूत मला कुणी घेईना. लई एकटं वाटायचं. पुढं पुढं तर मलाच माझ्या डोळ्यांची भीती वाटायला लागली. घरच्या शेळीकडंसुद्धा मी बघत नसे.

त्यात माय बाळंत झाली. आधीची दोन लेकरं तिच्या हातची गेली होती, आता मुलगा झाला. मला भाऊ झाला आणि मलाच त्या खोलीत बंदी. मला तो हवा होता. अख्ख्या गावात तोच एक होता, ज्याच्या कानावर डाक्टरांचं बोलणं गेलेलं नव्हतं.

दहाव्या दिवशी मी दाराबाहेरून म्हणालो, "माय, म्या बगत न्हाई. डोळे मिटून येतो. निस्ता मांडीवर दे."

तिनं आतून कडी काढली. मग म्हणाली, "ये."

भिंत चाचपत आत गेलो, मांडी घालून बसलो. तिनं लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं. ऊन ऊन अंग, वेखंडाचा वास. त्यानं माझं बोट घट्ट धरलं. मी डोळे गच्च मिटले होते, मायची आण घेऊन सांगतो. तरी तिनं आपला तळहात माझ्या डोळ्यांवर दाबून धरला, आणि लेकरू परत उचलून घेईपर्यंत काढला नाही.