बेटाच्या बाई

नवा माणूस भेटला की कुणीही विचारतं, "गाव कुठलं?" आमच्या बाई विचारायच्या, "मूळ किती जण आलात?" म्हणजे गाव सोडून मुंबईला तुमच्या घरातून पहिल्यांदा कोण कोण आलं. पार्ल्याच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या. बेटांवरच्या पक्ष्यांत आयुष्य गेलेलं, म्हणून मुलांनी नाव ठेवलं होतं बेटाच्या बाई. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "आजोबा एकटेच आले, भांडुपला. आजी नंतर. ती त्यांच्या मामाचीच मुलगी."

"झकास! मग तुमच्या घरात सगळ्यांचे कान सारखे असणार."

घरी जाऊन पाहिले. सारखेच होते. पीएचडी यांच्याकडेच करायची हे त्या दिवशी ठरलं.

बाईंचं सगळं शास्त्र त्या एका प्रश्नात होतं. वादळात दहा-वीस पाखरं भरकटून बेटावर जाऊन पडतात. "पिशवीत जे नेलं त्यावरच संसार करायचा. मागून पार्सल येत नाही," त्या म्हणायच्या. मग पिढ्यान्‌पिढ्या आपापसात लग्नं, आणि रक्त हळूहळू एकसारखं होत जातं. "दिसायला छान गं. पण एक रोग आला की सगळ्यांची एकदम वाट लागणार. वेगळा कुणी उरलेलाच नाही ना वाचायला."

चष्मेवाला हा त्यांचा लाडका पक्षी. मुठीत मावणारा, हिरवट-पिवळा, डोळ्याभोवती पांढरं कडं. आरे कॉलनीत सकाळी बारीक जाळी लावून तो कसा धरायचा हे त्यांनी मला शिकवलं. पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब घ्यायचा, कापूस दाबायचा, सोडून द्यायचं. सोडताना त्या दर वेळी पाखराला सांगायच्या, "जा. घरी सांगू नको हां."

आरेतल्या पाखरांच्या रक्तात भरपूर फरक निघाला. आता तुलनेसाठी अंदमानातल्या एका लहान बेटावरचे नमुने हवे होते. बाईंच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं आणि गुडघे साफ गेले होते. त्यांनी मला पाठवलं. "पाच ठिकाणी जाळी लाव, लांब लांब. हे थव्याने फिरतात. एकाच जागी धरशील तर एकच कुटुंब हाती येईल, आणि बेटाचं काहीच कळणार नाही."

मी एकाच जागी धरले. उरलेल्या चार जागा चिखलातून तासन्‌तास चालण्याच्या होत्या, बोट दुपारी सुटणार होती, आणि खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. नळ्यांवर पाच जागांची नावं मात्र सुवाच्य अक्षरात लिहिली.

निकाल आला तेव्हा बाई बराच वेळ कागद बघत बसल्या. "बेटावरची पाखरं एकमेकांची भाऊबंद असणार हे धरूनच चालले होते. पण ही सख्खी भावंडं दिसतायत. जाळी किती ठिकाणी लावलीस?"

"पाच."

"बरं."

एवढंच. तयार झालेला लेख त्यांनी छापायला पाठवला नाही. पुरावा पुरेसा नाही म्हणाल्या. पुन्हा बेटावर जायची परवानगी मिळाली नाही आणि त्या निवृत्त झाल्या. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, "म्हातारपणी माणूस घाबरट होतो." मी चहा पीत होते. पीत राहिले. माझा प्रबंध आरेच्या पाखरांवर झाला आणि मला त्याच कॉलेजात नोकरी लागली.

सहा वर्षांनी त्यांच्या मुलुंडच्या घरी गेले. बाई अंथरुणाला खिळल्या होत्या. मी पाणीसुद्धा न घेता म्हटलं, "बाई, जाळी एकाच ठिकाणी लावली होती."

"माहीत आहे."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलले असते तर तुझी पीएचडी गेली असती. आणि मला वाटलं, तू सांगशील. वाट बघत होते." मग जरा दम खाऊन म्हणाल्या, "आता सांगितलंस ना? मग अर्ज कर आणि जाऊन ये. पाचही ठिकाणी हां."

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. पुढच्या महिन्यात बाई गेल्या. मोबाइलवर निरोप आला तेव्हा मी परीक्षेच्या वर्गावर होते. मुलं हात वर करत होती, मी पुरवण्या वाटत राहिले.

परवानगी पुढच्या हिवाळ्यात आली. मी पाचही जागी चालत गेले, पाचही जागी जाळी लावली. या वेळी सख्खी भावंडं नव्हती. बेटाच्या पाच कोपऱ्यांतली, एकमेकांना कधी न भेटलेली पाखरं, तरी त्यांच्या रक्तात फरक असा जवळजवळ नाहीच. थोडी आली होती, त्यांचाच सगळा विस्तार. बाईंचा अंदाज पहिल्यापासून बरोबर होता. मी तेव्हा ते काही तास चालले असते, तर त्यांना हा निकाल स्वतःच्या डोळ्यांनी वाचता आला असता. मला अजूनही यातलं काही आतपर्यंत पोचत नाही. समजतं, एवढंच.

लेखावर बाईंचं नाव पहिलं घातलं. छापणाऱ्यांनी पहिल्या लेखिकेचा पत्ता मागितला. त्यांच्या नावापुढे मी माझा लिहून दिला.